नाचणी सत्त्वातलं लोह आणि कॅल्शियम: दोन लॅबचे दोन आकडे, पाकिटावर कोणता छापायचा?

खानापूर तालुक्यातल्या एका स्त्रीशक्ती गटाच्या ताईंनी प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा. त्यांचा गट मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व करून विकतो. पाकिटावर लोह आणि कॅल्शियम छापायचं म्हणून त्यांनी दोन लॅबना नमुने दिले. पहिल्या लॅबचा रिपोर्ट आला: १०० ग्रॅममागे लोह ४.४ मिलिग्रॅम, कॅल्शियम ३५२ मिलिग्रॅम. दुसरीचा आला: लोह ११.८, कॅल्शियम २१२. नाचणी एकाच शेतातली, चाळणीही तीच. पहिला नमुना थोडा होता, तो कापडावर वाळवून घरच्या मिक्सरवर केला. दुसरा मोठ्या लॉटमधला, सारवलेल्या अंगणात वाळवून गावच्या गिरणीतून दळून आणलेला. आता गटातल्या काहीजणी म्हणतात, लोह दुसऱ्या रिपोर्टमधलं घेऊ आणि कॅल्शियम पहिल्यातलं. शिवाय गरोदर बायका विचारतात की सत्त्व रोज घेतलं तर सरकारी गोळ्या बंद केल्या तर चालतील का.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. कारण पुढे सांगते. आणि दोन रिपोर्टांतून सोयीचे आकडे उचलून एक पाकीट छापणं हे तर करूच नका. दोन वेगळ्या नमुन्यांचे दोन अर्धे आकडे जोडले की जो पदार्थ तयार होतो, तो तुमच्या कुठल्याच डब्यात नाही.

मी बेळगावात अन्नतपासणीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं खनिजांचंच काम करते. माझ्या अंदाजाने पहिला रिपोर्ट खऱ्याच्या जवळ आहे. दुसऱ्यातले दोन्ही आकडे चुकीच्या दिशेला गेलेत, पण दोघांची कारणं वेगळी आहेत. तुलनेला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटक कोष्टकं घ्या. त्यात नाचणीला १०० ग्रॅममागे कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम, लोह ४.६२ आणि जस्त २.५३ दिलंय. ही सरासरी आहे. वाण आणि जमीन बदलली की कॅल्शियम बऱ्यापैकी वरखाली होतं. पण लोह एकदम अडीचपट होत नाही.

मग ते जादा लोह आलं कुठून? मातीतून. तुमच्या तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडची तांबडी माती लोहानेच तांबडी असते. समजा मातीत १० टक्के लोह आहे आणि १०० ग्रॅम सत्त्वात फक्त ०.१ ग्रॅम माती मिसळली. तेवढीशी माती डोळ्याला दिसत नाही, दाताला कचकचही लागत नाही. पण तेवढ्याने १० मिलिग्रॅम लोह वाढतं, म्हणजे नाचणीच्या स्वतःच्या लोहाच्या दुप्पट. मोड आलेली नाचणी ओलसर असते आणि शेण-मातीने सारवलेल्या अंगणावर पसरली की बारीक माती दाण्याला चिकटते. वाळल्यावर पाखडलं तरी ती सगळी सुटत नाही.

हा नुसता तर्क नाही. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांच्या फोटोत खाली दोन ओळी आहेत, त्या कुणी फारशा वाचत नाही. पहिल्यात एकूण राख २.१ टक्के आणि आम्लात न विरघळणारी राख ०.०५ टक्के. दुसऱ्यात एकूण राख २.२ आणि आम्लात न विरघळणारी ०.१६. पीठ जाळून जी राख उरते ती हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात. धान्याची बहुतेक खनिजं विरघळून जातात, आणि गाळणकागदावर जे उरतं ते मुख्यतः वाळू आणि माती. तुमच्याकडे ते तिपटीने वाढलंय. गव्हाच्या आट्याला या राखेची कायदेशीर मर्यादा ०.१५ टक्के आहे, यावरून अंदाज घ्या. ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. लोहाचा आकडा मोठा दिसला की मी आधी हीच ओळ बघते.

गिरणीवरही थोडा संशय आहे. दगडाला नवी टाकी लावली की पहिल्या काही किलोंत कच येते. लोखंडी हातोड्यांचं पल्व्हरायझर असेल तर त्याची झीज थेट पिठात उतरते. माती की गिरणी हे ओळखायचं असेल तर लॅबला लोहासोबत अ‍ॅल्युमिनियमही मोजायला सांगा. धान्यात अ‍ॅल्युमिनियम अगदी कमी असतं, मातीत भरपूर. दोन्ही वाढले असतील तर माती. लोह एकटंच वाढलं असेल, किंवा लोहाबरोबर क्रोमियम वाढलं असेल, तर यंत्राचा धातू. आणि मातीतलं किंवा झिजेचं लोह रक्त वाढवायला उपयोगी पडतं असं समजू नका. मातीतलं बहुतेक लोह ऑक्साइडच्या रूपात असतं, ते पोटात फारसं विरघळतच नाही. लॅबमध्ये उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळतं म्हणून कागदावर येतं. ११.८ हा आकडा मशीनने बरोबर मोजला असेल, तरी तो तुमच्या नाचणीचा नाही.

आता कॅल्शियम. इथे माझा संशय नमुन्यावर नाही, मोजणीवर आहे. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम सालीत असतं, त्यामुळे वस्त्रगाळ केलं तर ते कमी होतं. पण चाळणी तीच होती, आणि साल गेली असती तर एकूण राखही घटली असती. ती घटलेली नाही. म्हणजे कॅल्शियम राखेत आहे, मोजताना निसटलंय.

ते निसटतं कसं, हे नीट सांगते, कारण आपल्या भागात कॅल्शियमचे जे चुकीचे रिपोर्ट येतात त्यांत हेच कारण मला वारंवार दिसतं. बहुतेक लॅब कॅल्शियम अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर मोजतात. आम्लात विरघळवलेला नमुना बारीक नळीने ज्योतीत ओढला जातो, ज्योतीत कॅल्शियमचे सुटे अणू होतात, आणि ते ४२२.७ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. किती शोषला त्यावरून किती आहे ते कळतं. अडचण फॉस्फेटची. नाचणीत फॉस्फरसही १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. हवा-अ‍ॅसिटिलीनच्या सुमारे २३०० अंशांच्या ज्योतीत कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्यातलं बरंच कॅल्शियम सुटा अणू होतच नाही, म्हणून प्रकाश शोषत नाही, आणि मशीनला दिसत नाही. उपाय साधा आहे: द्रावणात लॅन्थॅनम क्लोराइड (लॅन्थॅनम या धातूचा क्षार) घालायचं. लॅन्थॅनम फॉस्फेटला स्वतःकडे ओढतं आणि कॅल्शियम मोकळं होतं. एकाच नमुन्याचे दोन फ्लास्क करा, एकात लॅन्थॅनम, एकात नाही. नळी लॅन्थॅनम नसलेल्यातून काढून लॅन्थॅनम असलेल्यात बुडवली की स्क्रीनवरचा अंक डोळ्यादेखत चढतो आणि ज्योतीचा विटकरी रंगही गडद होतो. नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे आधी दाखवते. तुलनेसाठी जे ठरावीक कॅल्शियमचं प्रमाण द्रावण असतं त्यातही तेवढंच लॅन्थॅनम हवं, हेही सांगते. ज्यांच्याकडे नायट्रस ऑक्साइडची सुमारे २७०० अंशांची ज्योत आहे त्यांना ही अडचण फारशी येत नाही.

दुसरी शक्यता विरलतेची. अर्धा ग्रॅम सत्त्व विरघळवून ५० मिलिलिटर केलं तर त्यात लिटरमागे ३५ मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. ज्योतीवरचा आलेख ५ मिलिग्रॅमच्या आसपासपर्यंतच सरळ राहतो, पुढे वाकतो. दहापट पातळ न करता तसंच मोजलं तर आकडा कमीच येणार. लॅबला फोन करून दोनच गोष्टी विचारा: कॅल्शियमसाठी लॅन्थॅनम घातलं होतं का, आणि द्रावण किती पातळ केलं होतं. चांगली लॅब न चिडता उत्तर देते. कच्च्या नोंदी त्यांना ठेवाव्याच लागतात.

दोन चांगल्या लॅबचे आकडेसुद्धा कधी तंतोतंत जुळत नाहीत, हेही लक्षात घ्या. विल्यम हॉरविट्झ या अमेरिकन रसायनतज्ज्ञांनी १९८० मध्ये असंख्य लॅबचे निकाल ताडून दाखवलं की पदार्थ जितका अल्प, तितका लॅबा-लॅबांतला फरक जास्त, आणि हा फरक एका साध्या सूत्रात बसतो. त्या सूत्राने नाचणीतल्या लोहाला सुमारे ९ टक्के आणि कॅल्शियमला ५ टक्क्यांच्या आत प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) येतं. दोन निकालांत साधारण त्याच्या २.८ पटीपर्यंत अंतर पडू शकतं. म्हणजे एकीने लोह ४.२ दिलं आणि दुसरीने ५.२, तर भांडायचं कारण नाही, ते एकच उत्तर आहे. कॅल्शियम ३३० आणि ३६५ हेही एकच. पण ४.४ आणि ११.८ हा फरक त्यात बसत नाही, ३५२ आणि २१२ हाही नाही. तिथे कारण शोधायलाच हवं. एकके मात्र आधी तपासा. काही रिपोर्ट १०० ग्रॅममागे मिलिग्रॅम देतात, काही पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम, आणि दोघांत दहाचा फरक असतो. काही कोरड्या वजनावर देतात, काही आहे त्या ओलाव्यावर. तुमच्या भाजलेल्या सत्त्वात ओलावा कमी, कच्च्या दाण्यात दहा-अकरा टक्के, तेवढ्याने आकडा सरकतोच.

लॅब निवडताना लोक मशीन विचारतात. "तुमच्याकडे आयसीपी-एमएस आहे का?" (हे अणूंच्या वस्तुमानावरून अगदी अल्प धातूही मोजणारं यंत्र.) लोह, कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम यांसाठी त्याची गरज नाही. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलं, म्हणून ते जुनं झालं असं नाही. या प्रमाणासाठी ते पुरेसं आहे, आणि आयसीपी-एमएसवर उलट लोहालाच अडचण येते: आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून जो आयन होतो त्याचं वस्तुमान ५६, लोहाचंही ५६. असे नको असलेले आयन अडवणारा यंत्रातला कप्पा, म्हणजे कोलिजन सेल, नीट चालवला नाही तर तिथेही लोह फुगतं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, सेलेनियम मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं असेल तेव्हा मात्र आयसीपी-एमएस खरंच कामाचं. निपाणीकडे तंबाखूच्या रानात भाजी किंवा धान्य घेणाऱ्यांना मी कॅडमियम एकदा बघून घ्या म्हणते. तंबाखू जमिनीतलं कॅडमियम पानात ओढून घेतो, आणि त्याचा पाला-काड्या कुजून परत त्याच रानात जातात.

मशीनपेक्षा हे विचारा. लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि त्या मान्यतेच्या यादीत "धान्य व धान्याचे पदार्थ" या गटात लोह आणि कॅल्शियम आहे का. मान्यता प्रत्येक चाचणीला वेगळी असते. पाण्याच्या चाचणीला मान्यता आहे म्हणून पिठाचा रिपोर्ट मान्य होत नाही. यादी एनएबीएलच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. मग विचारा की नमुन्याबरोबर ब्लँक आणि प्रमाणित संदर्भ नमुना चालवला का. मोजमापाची प्रमाणं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं गव्हाचं पीठ आणि तांदळाचं पीठ असे संदर्भ नमुने मिळतात, त्यांच्यातलं लोह आधीच पक्कं ठरलेलं असतं. लॅबचा आकडा त्याच्याशी जुळला तर तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. ब्लँक म्हणजे नमुन्याशिवाय तेच आम्ल, तीच भांडी, तीच पायरी. ब्लँकमध्ये जस्त निघालं तर बहुधा हातमोज्यांची पावडर, रबरी बूच किंवा नळाचं पाणी. आमच्याकडे भांडी रात्रभर पातळ नायट्रिक आम्लात बुडवून ठेवतात, ती याचसाठी. जाळून राख करण्याची जुनी रीत लोह-कॅल्शियमला चालते, पण आर्सेनिक, पारा, सेलेनियम भट्टीत उडून जातात. त्यांच्यासाठी बंद भांड्यात मायक्रोवेव्हने विरघळवणंच बरोबर. आयोडिन तर आम्लातही टिकत नाही, त्याला अल्कलीची वेगळी पद्धत आहे.

एवढं सगळं लॅबचं झालं, पण अर्धी लढाई तुमच्या हातात आहे: नमुना. लॅब तुमच्या पाकिटातला अर्धा ग्रॅम घेते. त्या अर्ध्या ग्रॅममध्ये सगळा लॉट यायला हवा. रेशनवर दिल्या गेलेल्या पोषकयुक्त (फोर्टिफाइड) तांदळाचं उदाहरण घ्या. त्यात शंभर दाण्यांमागे एक पोषकयुक्त दाणा मिसळलेला असतो. (तोच तो, ज्याला गावात "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून घाबरतात. तो तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मळून दाण्याच्या आकाराचा केलेला असतो, खायला सुरक्षित आहे, वेचून टाकू नका.) एक दाणा सुमारे २० मिलिग्रॅमचा धरला तर अर्ध्या ग्रॅममध्ये २५ दाणे. म्हणजे चार वेळा अर्धा ग्रॅम घेतला तर सरासरी एकदाच तो दाणा येणार. आला नाही तर लोह जवळपास साध्या तांदळाइतकंच दिसणार. आला तर किलोमागे ११० मिलिग्रॅमच्या वर जाणार, आणि नियमाची पट्टी तर २८ ते ४२.५ मिलिग्रॅमची आहे. तांदूळ तोच, मशीनही बरोबर, आणि दोन्ही आकडे निरुपयोगी. म्हणून अशा तांदळाचे निदान दोनशे ग्रॅम तरी आधी बारीक दळून, एकजीव करून मगच त्यातला अर्धा ग्रॅम घ्यायचा.

तुमचं पीठ आधीच बारीक आहे, त्यामुळे काम सोपं. पुढचा लॉट कराल तेव्हा मोड आलेली नाचणी स्वच्छ ताडपत्रीवर किंवा कापडावर, रस्त्याच्या धुळीपासून लांब वाळवा. गिरणीत आधी दोन-तीन किलो दुसरं धान्य घालून दगड साफ करून घ्या. मग लॉटमधल्या वेगवेगळ्या डब्यांतून, वरून, मधून, तळातून, ओंजळ-ओंजळ घेऊन कापडावर ढीग करा. चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेले मिसळा, परत चार भाग. शेवटी अर्धा किलो उरला की त्याच्या तीन सारख्या पिशव्या करा. प्लास्टिकची नवी झिप पिशवी चालेल, पत्र्याचा डबा नको. एक पिशवी पहिल्या लॅबला, एक दुसरीला, एक स्वतःकडे सीलबंद. दोन्हीकडे लोह, कॅल्शियम, ओलावा, एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख मागा. या वेळी आकडे जवळ आले तर त्यांची सरासरी छापा. छापायच्या आधी दाव्याच्या शब्दांबाबत अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडून चालू नियम विचारून घ्या.

आणि ताई, माझं मत विचाराल तर पाकिटावर लोहाला मोठ्या अक्षरात बसवू नका. तुमची नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम आहे, तेच ठळक लिहा. ३० ग्रॅम सत्त्वाच्या पेजेत १०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं. लोह मात्र १.३ मिलिग्रॅम, आणि बाईची रोजची गरज २०२० च्या शिफारशीप्रमाणे २९ मिलिग्रॅम आहे. त्यातही फायटेट हा नाचणीतला नैसर्गिक घटक लोहाला अडवून धरतो. मोड आणल्याने फायटेट कमी होतं, ही तुमच्या सत्त्वाची खरी जमेची बाजू आहे, तरी सगळं लोह अंगी लागत नाही.

गोळ्यांचा हिशेब यावरूनच कळेल. गरोदरपणात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. तेवढं लोह तुमच्या सत्त्वातून घ्यायचं तर रोज १ किलो ३६० ग्रॅम खावं लागेल. दुकानातल्या गोळ्या बघताना क्षाराचं वजन आणि धातूचं वजन यांत गल्लत होऊ देऊ नका. फेरस फ्युमरेटमध्ये लोह सुमारे ३३ टक्के, पाण्याच्या सात रेणूंसह येणाऱ्या फेरस सल्फेटमध्ये २० टक्के. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर कॅल्शियम ५००, म्हणजे ४० टक्के. तेवढं कॅल्शियम १४० ग्रॅम सत्त्वातून मिळतं. "दोन गोळ्यांमागे" असा बारीक मजकूर असेल तर एका गोळीत लिहिलेल्या आकड्याच्या निम्मंच धरा. गोळ्या तपासायला द्यायच्या असतील तर एक गोळी देऊन काही होत नाही. वीस गोळ्या तोलून, एकत्र कुटून त्यातलं वजन घेतात, म्हणून एकाच बॅचची निदान तीस गोळ्यांची पाकिटं द्या. आणि शिबिरात हातात दांडा धरायला देऊन अंगातलं जस्त, कॅल्शियम छापून देणारी जी यंत्रं फिरतात, त्यांच्या कागदावर विसंबून कुणी गोळी सुरू किंवा बंद करू नये. हातात दांडा धरून शरीरातलं खनिज मोजता येत नाही.

गरोदर बायकांना एवढंच सांगा: सत्त्व जरूर घ्या, गोळीही घ्या, पण दोन्ही एकदम नको. पेजेतलं कॅल्शियम गोळीतल्या लोहाच्या आड येतं, चहाही येतो. सकाळी पेज घेतली तर लोहाची गोळी निदान दोन तासांनी, शक्यतो लिंबू-पाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही लोहाच्या वेळेपासून लांब. मळमळ होत असेल तर गोळी सोडू नका, आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्या.

नवे दोन्ही रिपोर्ट आले की राखेच्या ओळींसकट फोटो पाठवा. लेबलचा मजकूर ठरवायच्या आधी मी बघून देईन.